दिव्याचे भाकीत

दिवाळी अंकात वार्षिक राशिभविष्य नसेल, तर तो अंक घरात घ्यायला आपल्याकडची वडीलधारी मंडळी सहसा राजी होत नाहीत. कथा कोणाची आणि कविता कोणाची, हे मागाहून. आधी शेवटची पाने उघडायची, आपली रास काढायची, कार्तिकात धनलाभ आणि पौषात प्रवास टाळावा असे वाचून मान डोलवायची, आणि फराळाचे ताट समोर आले की ते सारे विसरून जायचे. आपण विसरतो म्हणूनच ज्योतिषी टिकतो. मागच्या दिवाळीचा अंक पुढ्यात घेऊन भविष्याचा ताळा पाहणारा एखादा चिकित्सक घरोघर निपजला असता, तर हा धंदा केव्हाच बसला असता.

परंतु राशिभविष्याला हसणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांचेही एक राशिभविष्य असते. ते कोटपाटलोणीतली माणसे सांगतात, त्याला आलेख जोडलेले असतात, आणि ते वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर न येता पहिल्या पानावर येते. खनिज तेलाचा भाव पुढच्या वर्षी काय राहील, तेल आणखी किती वर्षे पुरेल, दहा वर्षांनी देशाला किती वीज लागेल, हे ते भविष्य. त्याच्या भरवशावर सरकारे अंदाजपत्रके मांडतात, कारखाने कर्ज काढतात, नद्या अडवल्या जातात. आणि डिझेलचा भाव चढला की आपल्या आठवडी बाजारातली मेथीची जुडीसुद्धा महाग होते. एवढे मोठे भविष्य, पण त्याचाही ताळा कोणी पाहत नाही.

मी शाळेत शिकवणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. माझे शिक्षण दहावीशी थांबले. अर्थशास्त्राची पोथी सोडण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. तथापि कादंबरीकाराला एक खोड असते. एखादे पात्र मोठ्या तोऱ्यात काही बोलून गेले, की ते बोलणे पुढे कोणाच्या अंगावर आले, हे तो शेवटच्या पानापर्यंत शोधत राहतो. त्याच खोडीने मी तेलाच्या आणि विजेच्या भाकितांचा माग काढला. त्यासाठी फार दूर जावे लागले नाही. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे पुरले.

मात्र आधी जगाचा ताळा थोडक्यात पाहून घेऊ, म्हणजे आपल्या मुलखाचा हिशेब नीट लागेल.

अमेरिकेत पेनसिल्व्हानिया प्रांतात १८५९ साली ड्रेक नावाच्या गृहस्थाने ती सुप्रसिद्ध तेलविहीर खोदली आणि जगाला खनिज तेलाचे वेड लागले. १८६१ च्या आरंभी एका पिंपाला सुमारे १० डॉलर पडत होते. वर्ष सरता सरता भाव १० सेंटांवर आला. तेलापेक्षा रिकामे पिंप महाग झाले. पुढे १८८५ च्या सुमारास स्टँडर्ड ऑइल कंपनीतले बडे अधिकारी आर्चबोल्ड यांना कोणी सांगितले की, मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला तेल लागेल. त्यावर, तिकडे निघेल तेवढे तेल आपण पिऊन दाखवू, अशी प्रतिज्ञा त्यांनी केल्याची कथा प्रसिद्ध आहे. पुढे त्याच दिशेला टेक्सास, ओक्लाहोमा आणि कॅलिफोर्निया येथे तेलाचे पाट वाहिले. साहेबांनी प्रतिज्ञा पाळल्याचे मात्र कोठे वाचनात येत नाही.

सगळीच भाकिते अशी उथळ नव्हती. १९५६ साली हबर्ट नावाच्या भूशास्त्रज्ञाने गणित मांडून सांगितले की, अमेरिकेचे तेल उत्पादन १९६५ ते १९७० च्या दरम्यान शिखर गाठील आणि मग उतरू लागेल. लोक हसले. १९७० साली शिखर आले, उत्पादन खरोखर उतरू लागले, आणि हबर्ट ऋषी ठरला. मग खडकांच्या थरांत अडकून पडलेले तेल काढण्याची नवी तऱ्हा निघाली, आणि २०१८ साली अमेरिकेने ते जुने शिखरही ओलांडले. जे भाकीत अचूक ठरले, तेही कायमचे अचूक राहिले नाही.

भावाचे तर विचारूच नका. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर पिंपाचा भाव तीन डॉलरांच्या आसपास होता तो काही महिन्यांत जवळजवळ बारावर गेला. १९८० साली तो तिसाच्या वर गेला, तेव्हा शतक संपेपर्यंत शंभरी गाठणार असे मोठमोठे जाणकार सांगू लागले. १९८६ साली तो दहाच्या आसपास कोसळला. २००८ च्या जुलैत भाव १४७ वर गेला आणि दोनशेचे भविष्य वर्तवले गेले. त्याच डिसेंबरात तो चाळिशीच्या खाली होता. आणि २० एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीने जगाची चाके थांबली असता, न्यूयॉर्कच्या बाजारात तेलाच्या एका सौद्याचा भाव शून्याच्याही खाली ३७ डॉलरांवर गेला. तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या, अशी गत झाली. असे भविष्य कोणत्याही राशीला कोणीही सांगितले नव्हते.

या साऱ्याची थट्टा करणे सोपे आहे. आणि थोडी थट्टा मी केलीही. पण थट्टेने भागत नाही, कारण भाकिताशिवाय माणसाला पाऊल टाकता येत नाही. आपला शेतकरी पंचांग उघडून मृगाचे वाहन कोल्हा आहे की बेडूक, हे पाहतो तेही भाकीतच. पण त्यात एक सचोटी असते. त्याने पाऊस येईल म्हणून धूळपेर केली आणि पाऊस आला नाही, तर बियाणे त्याचेच जाते. भाकीत करणारा आणि भरणारा एकच असतो. माझ्या मते दोन प्रकारच्या भाकितांतला खरा भेद हा आहे. कोणते खरे ठरले आणि कोणते खोटे, हा भेद त्यामानाने लहान. आमच्या दोन जिल्ह्यांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास मला हेच सांगतो.

ज्या काळाची ही गोष्ट सुरू होते, तेव्हा हे दोन जिल्हे दोन नव्हतेच. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधी या टापूत इंग्रजी मुलूख आणि लहानमोठी संस्थाने यांचे तुकडे ठिगळांच्या गोधडीसारखे जोडलेले होते. त्यातलेच एक औंध. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे कट्टे पुरस्कर्ते म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. पण उद्योगाची पारख हाही त्यांचा मोठा गुण होता. बेळगावातून उठावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडल स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगरांपासून सुरुवात करून पुढे तिथून पंप निघाले, इंजिने निघाली. याच राजाच्या आश्रयाने १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला आणि त्या जागेचे नाव ओगलेवाडी पडले.

ओगलेवाडीचे नाव घरोघर पोहोचवले ते कंदिलाने. तेव्हा खेड्यापाड्यांतला उजेड म्हणजे रॉकेलचा उजेड. त्याला कोणी घासलेट म्हणे, कोणी मातीचे तेल. चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून ते समुद्रापलीकडून येई. डबा रिकामा झाला की त्याची बादली होई, कोठी होई, आणि पार फाटला की पत्रा उलगडून गोठ्यावर घातला जाई. तेल परदेशी, डबा परदेशी, आणि ज्या कंदिलात ते जळे तोही परदेशी. ओगल्यांनी त्यातला कंदील तरी देशी करायचे ठरवले. गुरुनाथ प्रभाकर ओगले यांच्या खटपटीतून तयार झालेला प्रभाकर कंदील बाजारात आला. प्रभाकर हे ओगले बंधूंच्या वडिलांचे नाव, आणि प्रभाकर म्हणजे सूर्यही. सूर्यनमस्कार घालणाऱ्या राजाच्या आश्रयाने निघालेला हा काचेतला सूर्य पुढे महाराष्ट्रभर गोठ्यांत, ओसऱ्यांवर आणि रात्रीच्या मळणीवर लटकला.

ओगल्यांनी भट्टी पेटवली तेव्हा एक भाकीत केले होते: पुढची कित्येक वर्षे आपला समाज कंदिलाच्या उजेडात जगणार आहे. ते भाकीत दोन पिढ्या खरे ठरले. मग विजेच्या तारा आल्या आणि ते खोटे होऊ लागले. त्या भट्ट्या विझल्याला आता बरीच वर्षे लोटली. पण त्यांनी पैज लावली ती आपल्या घामावर आणि आपल्या भांडवलावर. जिंकले तेव्हा मुलखाला उजेड मिळाला, आणि हरले तेव्हा कोणाच्या शेतात पाणी शिरले नाही.

ज्या तारांनी कंदील विझवला, त्या तारांचे मूळ ओगलेवाडीपासून फार दूर नाही. कराडला कृष्णेला येऊन मिळणारी कोयना महाबळेश्वरात उगम पावते आणि सह्याद्रीच्या अंगाअंगाने दक्षिणेला वाहत येते. तिच्या खोऱ्यातून पश्चिमेची डोंगराची भिंत ओलांडली की कोकण दीड हजार फूट खाली आहे. टाटांच्या कंपन्यांनी १९१५ साली खोपोलीला, १९२२ साली भिवपुरीला आणि १९२७ साली भिऱ्याला घाटमाथ्याचे पाणी असेच कोकणात पाडून मुंबईसाठी वीज केली होती. कोयनेचीही पाहणी त्यांनी करवली होती. पण पहिल्या महायुद्धानंतर पैशाची ओढाताण झाली आणि १९२८ साली त्यांनी तो नाद सोडला. म्हणजे एका भाकिताने कोयना तेव्हा वाचली, किंवा हुकली. ज्याने त्याने आपल्या गावावरून ठरवावे.

स्वातंत्र्यानंतर सरकारने ही योजना हाती घेतली. १९५४ साली काम सुरू झाले आणि १९६२ साली वीज निघू लागली. १०३ मीटर उंचीचे धरण, मागे शिवसागर जलाशय, डोंगराच्या पोटातून कोरलेले बोगदे, आणि पलीकडे पोफळीला जमिनीच्या आत बांधलेले वीजघर. पुढे टप्पे वाढत गेले आणि आज कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी असे तिला म्हणतात, ते खोटे नाही. तेलाचा भाव तीन डॉलर असो की एकशे सत्तेचाळीस, कोयनेच्या पाण्याने आपला दर कधी वाढवला नाही. १९७३ च्या तेलसंकटात जग हवालदिल झाले असता आपल्या गिरण्या ज्यांच्या बळावर चालल्या, त्यांत ही नदी होती.

पण या धरणाच्या पोटातही दोन भाकिते होती, आणि ती दोन्ही चुकली.

पहिले भाकीत जमिनीचे. दख्खनचा हा काळा पाषाण कोट्यवधी वर्षांचा, स्थिर, येथे मोठा भूकंप होत नाही, असे मानले जाई. जलाशय भरू लागल्यावर लहान हादरे बसू लागले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे माणसे साखरझोपेत असताना साडेसहाच्या आसपास तीव्रतेचा धक्का बसला. कोयनानगर कोसळले. दोनशेच्या आसपास माणसे दगावली. धरणाला चिरा गेल्या. पुढे ते दुरुस्त आणि भक्कम करण्यात आले, आणि ते आजही उभे आहे. जलाशयाच्या भारामुळे भूकंप होऊ शकतो, याचा धडा म्हणून साऱ्या जगातल्या पुस्तकांत कोयनेचे नाव गेले. भाकीत तज्ज्ञांचे होते. भिंती पडल्या त्या मजुरांच्या, कर्मचाऱ्यांच्या आणि खोऱ्यातल्या गावकऱ्यांच्या घरांच्या.

दुसरे भाकीत माणसांचे. शंभराच्या घरात गावे बुडितात गेली. हजारो कुटुंबे उठली ती सातारा, सांगली, सोलापूरपासून थेट रायगड आणि ठाण्यापर्यंत विखुरली. थोड्याच वर्षांत सारे मार्गी लागेल, असा सरकारी अंदाज होता. काही मंडळी बुडितावरच्या डोंगरात वर सरकून राहिली. तेथे १९८५ साली अभयारण्य झाले आणि २०१० साली व्याघ्र प्रकल्प, म्हणजे पुन्हा उठणे आले. धरणाचे काम सुरू होऊन चौसष्ट वर्षे उलटल्यावर, २०१८ साली, धरणग्रस्तांची नातवंडे जमिनीच्या हक्कासाठी कोयनानगरला ठिय्या देऊन बसली होती. वीज मुंबईला पोहोचायला आठ वर्षे लागली होती.

एकदा वर्गात मी मुलांना विचारले, वीज कोठून येते? एक म्हणाला बटणातून, दुसरा म्हणाला डांबावरून, हुशार मुलाने कोयनेतून असे उत्तर दिले. मागच्या बाकावरची एक मुलगी, जिचे घराणे धरणामुळे उठून आमच्याकडे आलेले, ती म्हणाली, "आमच्या पणज्याच्या वावरातनं येती, गुरुजी." वर्ग हसला. मला मात्र त्या तासाला पुढे शिकवणे जड गेले. पाठ्यपुस्तकात जे उत्तर छापले आहे त्यापेक्षा तिचे उत्तर अधिक बरोबर होते.

आता १९९९ चा वसंत ऋतू आठवावा. त्या एका मोसमात तीन गोष्टी घडल्या. लंडनच्या एका नामांकित साप्ताहिकाने मार्चमध्ये लिहिले की जग तेलात बुडाले आहे, भाव पाच डॉलरांपर्यंतही उतरेल. त्याच मार्चच्या १३ तारखेला कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी शिवसागराच्या तळाशी सुरुंग लावून, भरल्या जलाशयाला खालून भोक पाडण्याचा अचाट प्रयोग यशस्वी झाला. आशियात असे काम पहिलेच होते. आणि मे महिन्यात गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला, दाभोळच्या खाडीकाठी, एन्रॉन कंपनीच्या प्रकल्पातून वीज निघू लागली.

एन्रॉनची वीज नाफ्त्यावर, म्हणजे तेलाच्याच एका उत्पादनावर होती. महाराष्ट्राची विजेची मागणी झपाट्याने वाढेल आणि ही वीज परवडेल, या भाकितावर करार झाला होता. भाव चढला तर तो राज्याच्या वीज मंडळाने सोसायचा, डॉलर वधारला तरी मंडळानेच सोसायचा, असा त्याचा मथितार्थ. आणि पाच डॉलरांची भविष्यवाणी छापून येते न येते तोच तेल चढू लागले. २००० साली ते तिसाच्या पलीकडे गेले. वीज मंडळाला ती पेलेना. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले, आणि त्याच डिसेंबरात तिकडे अमेरिकेत एन्रॉनने दिवाळे काढले. भाकीत करणारे निघून गेले. पुढची काही वर्षे महाराष्ट्राची खेडी भारनियमनात बुडाली, आणि आमच्या गावांत अडगळीतले कंदील पुन्हा खाली काढले गेले.

यात भूगोलाची एक गंमत आहे. पोफळीच्या वीजघरातून बाहेर पडलेले कोयनेचे पाणी वाशिष्ठी नदीत जाते आणि वाशिष्ठी समुद्राला मिळते ती दाभोळच्या खाडीत. म्हणजे ज्या पाण्याने स्वस्त वीज दिली, तेच पाणी शेवटी त्या महाग विजेच्या दारावरून समुद्रात जात होते.

पश्चिमेला समुद्रात जाणाऱ्या या पाण्याकडे पूर्वेकडून एक माणूस पाहत उभा आहे. तो आटपाडीचा आहे, जतचा आहे, कवठेमहांकाळचा आहे, माण आणि खटावचा आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या या माणसाच्या वाट्याला पाचशेच्या आसपास, तोही आला तर. कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेचे वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफूट पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवण्याची मुभा दिली. ते मूळचे कृष्णेच्या खोऱ्याचे पाणी. मग या पूर्वेच्या माणसासाठी ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजना निघाल्या. कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलायचे, डोंगर चढवायचे आणि दुष्काळी तालुक्यांत सोडायचे.

वाचकांनी क्षणभर थांबून हा व्यवहार पाहावा. डोंगराच्या एका बाजूला पाणी खाली सोडून आपण वीज मिळवली, आणि दुसऱ्या बाजूला तीच वीज खर्चून पाणी वर चढवले. तारेत शिरल्यावर कोणती वीज कोणाची, हे कोणी ओळखत नाही. पण बिल येते तेव्हा ते बरोबर ओळखता येते. या योजनांच्या आराखड्यात विजेचा एक दर धरलेला असणार. तो दर कागदावरच राहिला. बिले थकली, वीज तोडली गेली, कालवे कोरडे पडले, आणि ऐन उन्हाळ्यात द्राक्षाच्या बागा वाळताना पाहत माणसे मोर्चे काढू लागली. अखेर बिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा, असा मार्ग काढावा लागला. शहरात विजेचा दर वाढला तर पंखा एक तास कमी फिरतो. आटपाडीत तो वाढला तर पाणी येत नाही. तेथे ऊर्जेचा भाव हाच तहानेचा भाव असतो.

नव्या ऊर्जेची नवी भाकितेही याच मुलखात उतरली. पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर, खाली शिवसागर दिसतो अशा उंचीवर, विसाव्या शतकाच्या अखेरीस पवनचक्क्यांचे रानच उभे राहिले. चाळकेवाडीला राहिले, सांगलीकडे ढालगावच्या माळावर राहिले. करसवलतीच्या आशेने दूरदूरच्या शहरांतल्या धनिकांनी पैसा ओतला. वाऱ्याला भाव नाही आणि धूर नाही, हे खरेच. पण दुष्काळ पडला तेव्हा, ही पाती ढग पळवून लावतात, असा बोभाटा खेड्यांतून उठला. शास्त्राच्या दृष्टीने तो भ्रमच. शाळामास्तर या नात्याने मी तो दूर करण्याचा प्रयत्न नेहमी केला आहे. परंतु त्या भ्रमाच्या मुळाशी एक खरी गोष्ट होती. माळ आमचा, वारा आमचा, आणि आमच्या घरात मात्र भारनियमन. ज्याला नफ्यात वाटा नसतो, तो तोट्याचा संशय घेणारच.

शेवटचे भाकीत उसाचे. वसंतदादा पाटील आणि यशवंतराव मोहिते यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने कृष्णाकाठी सहकारी साखर कारखाने उभे राहिले, त्यांना इथेनॉलचा नवा रस्ता सापडला. उसापासून इथेनॉल, ते पेट्रोलमध्ये मिसळायचे, आणि अरबी तेलाची गरज तेवढी कमी करायची. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० चे होते, ते २०२५ वर आणले गेले आणि गाठलेही गेले. कारखान्यांनी कर्जे काढून आसवन्या वाढवल्या. इतक्यात २०२३ साली पावसाने ओढ दिली, साखर फार कमी होणार असा अंदाज निघाला, आणि ७ डिसेंबर रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास बंदी घातली. आठवड्याभरात ती थोडी सैल झाली, २०२४ च्या ऑगस्टमध्ये उठली. दरम्यान महाराष्ट्रात साखर अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त झाली होती. अंदाज चुकला, पण व्याज चुकले नाही. ते कारखान्याच्या खात्यावर चढले, आणि सहकारी कारखान्याचे खाते म्हणजे शेवटी सभासदाचे ऊसबिल.

तर असा हा ताळा. ओगल्यांचे भाकीत चुकले, तेव्हा ओगल्यांनी भरले. भूकंपाचे चुकले, तेव्हा झोपलेल्यांनी भरले. पुनर्वसनाचे चुकले, ते तीन पिढ्या भरत आहेत. नाफ्त्याचे चुकले, ते अंधारातल्या खेड्यांनी भरले. विजेच्या दराचे चुकले, ते वाळलेल्या बागांनी भरले, आणि साखरेचे चुकले ते ऊसवाल्याने. भाव चुकतो, वर्ष चुकते, पिढी चुकते. भरणारा मात्र सहसा तोच निघतो. त्याला अंदाज बांधतेवेळी कोणी बोलावलेले नसते.

आता पुढची भाकिते दारात आहेत. तेल संपण्याआधी तेलाची गरज संपेल असे काही म्हणतात, काही म्हणतात अजून पन्नास वर्षे काही बिघडत नाही. म्हैसाळचे पंप सूर्याच्या विजेवर चालवण्याची योजना सरकारने हाती घेतली आहे. शेतांत सौरपंप बसत आहेत. ज्या मुलखाने प्रभाकर नावाचा कंदील केला, त्या मुलखात पाणी चढवायला अखेर खरा प्रभाकर येत असेल, तर त्याचे स्वागतच आहे. कोयनेसारखे बुडीत त्याला लागत नाही आणि न्यूयॉर्कच्या सौद्याशी त्याचे देणेघेणे नाही. पण सौर पाट्यांनाही जमीन लागते, आणि ती कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असतेच.

म्हणून भाकिते थांबवा, असे मी म्हणत नाही. माझी मागणी शाळेतल्या वहीएवढी साधी आहे. गणित सोडवताना आम्ही मुलांना डाव्या हाताला रीत आणि उजव्या हाताला समास सोडायला सांगतो. तेलाचे, विजेचे, उसाचे किंवा उन्हाचे कोणतेही भाकीत सरकारने अगर कंपनीने मांडले, की त्याच्या समासात एक ओळ असावी: हा अंदाज चुकल्यास भरणार कोण? तेथे नाव लिहावे, गाव लिहावे, आणि ज्याचे नाव लिहिले आहे त्याला बोलावून, ते वाचून दाखवून, त्याची सही घ्यावी. तो कबूल झाला, तर खुशाल नद्या अडवा आणि डोंगर कोरा. तो नाही म्हणाला, तर गणित पुन्हा मांडावे लागेल. त्याला वेळ लागेल हे खरे. पण चौसष्ट वर्षे तरी लागणार नाहीत.